रुग्णवाहिका जवळ येत असल्याची सूचना वाहनचालकांना देणारे ॲप : रचना कशी असावी?

धागाकर्ता : शेवटचे_सत्र

नमस्कार. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे आम्ही काही विद्यार्थी एक ॲप तयार करत आहोत. रुग्णवाहिका, अग्निशमन दलाचा बंब किंवा पोलिसांची गाडी सायरन वाजवत येत असेल, तर तिच्या वाटेतील वाहनचालकांना ती दिसण्यापूर्वीच फोनवर सूचना मिळावी, हा त्यामागचा हेतू आहे. गाडीच्या काचा बंद असताना आणि आत गाणी सुरू असताना सायरन बहुतेकदा अगदी पाठीशी आल्यावरच ऐकू येतो, आणि तोपर्यंत बाजूला व्हायला जागा उरलेली नसते.

सध्याचा आराखडा असा आहे. रुग्णवाहिकेच्या चालकाकडे एक ॲप असेल आणि सामान्य वाहनचालकांकडे दुसरे. दोन्ही ॲप दर पाच सेकंदांनी आपले लोकेशन सर्व्हरला कळवतील. सर्व्हर त्यांच्यातील सरळ रेषेतले अंतर काढेल आणि ते ५०० मीटरपेक्षा कमी झाले, की त्या वाहनचालकाला नोटिफिकेशन पाठवेल. रुग्णवाहिकेचा चालक निघताना एक बटण दाबून प्रक्षेपण सुरू करेल आणि पोहोचल्यावर बंद करेल.

प्रत्यक्ष काम सुरू करण्यापूर्वी काही गोष्टी विचारायच्या आहेत. ५०० मीटर हे अंतर योग्य आहे का? सतत लोकेशन पाठवल्याने बॅटरी लवकर संपेल, त्यावर उपाय काय? कोणी खोटी रुग्णवाहिका बनून संदेश पाठवू लागला तर त्याला कसे रोखायचे? आणि हे सारे टाळून फोनच्या मायक्रोफोननेच सायरन ओळखणे सोपे पडेल का?

प्रतिसाद १ : नकाशेवाचक

अंतर मीटरमध्ये ठरवू नका, सेकंदांमध्ये ठरवा. रुग्णवाहिका ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने येत आहे असे धरू. तिच्या पुढे त्याच दिशेने ताशी ५४ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला १५ मीटर पुढे सरकते, म्हणून दोघांमधले ५०० मीटर मिटायला १०० सेकंद लागतात. तीच गाडी रांगेत थांबलेली असेल तर २५ सेकंदच मिळतात. आडव्या रस्त्याने चौकाकडे येणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर एकमेकांमधल्या अंतराला काही अर्थच नाही, कारण तेथे दोघे चौकात कधी पोहोचतात एवढेच पाहायचे असते. आणि दुभाजकापलीकडून उलट दिशेने जाणाऱ्या गाडीला ५० मीटरवरही काही सांगण्याची गरज नाही. तुमच्या नियमाने या चौघांनाही एकाच अंतरावर एकच सूचना जाईल. माझ्या मते गाठ पडण्याच्या १५ ते २० सेकंद आधी मिळालेली सूचना उपयोगी पडते. त्याहून फार लवकर दिली, तर आरशात काहीच न दिसल्याने चालक ती विसरतो, आणि असे दोन-चार वेळा घडले की ॲप काढून टाकतो.

पाच सेकंदांचे अंतर मात्र फार मोठे आहे, कारण तेवढ्यात रुग्णवाहिका १०० मीटर पुढे गेलेली असते. फोनचा जीपीएस सेकंदाला एकदा स्थान देतो, तेव्हा रुग्णवाहिकेकडून तरी दर सेकंदाला संदेश यावा. त्यात स्थानाबरोबरच वेग, दिशा आणि ते स्थान नोंदवल्याची जीपीएस वेळ असावी, म्हणजे संदेश उशिरा पोहोचला तरी घेणारा फोन मधल्या काळातील प्रवासाचा अंदाज स्वतः बांधू शकेल.

आता सरळ रेषेबद्दल. मोकळ्या आकाशाखाली फोनचे स्थान साधारण पाच मीटरच्या आत अचूक असते, पण उंच इमारतींमध्ये उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि तुमचा बिंदू शेजारच्या रस्त्यावर जाऊन बसतो. त्यामुळे कच्चे बिंदू न वापरता ते रस्त्यांच्या जाळ्यावर बसवून घ्यावेत. यासाठी २००९ साली न्यूसन आणि क्रम या संशोधकांनी मांडलेली हिडन मार्कोव्ह मॉडेलची पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते. ती प्रत्येक बिंदूचा सुटा विचार न करता, लागोपाठच्या बिंदूंमधून कोणता मार्ग अधिक संभवतो ते पाहते. ओपनस्ट्रीटमॅपची माहिती आणि ओएसआरएम किंवा व्हालहाला यांपैकी एक मुक्त प्रणाली घेतली, तर हे काम स्वतः लिहावे लागत नाही. गाडी थांबलेली असताना जीपीएसने दिलेली दिशा निरर्थक असते, म्हणून चालताना मिळालेली शेवटची विश्वासार्ह दिशा जपून ठेवावी.

उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता ही वेगळीच डोकेदुखी आहे. नकाशावर दोन्ही एकावर एक असतात आणि जीपीएसची उंची भरवशाची नसते. ज्या फोनमध्ये वायुदाबमापक असतो, त्यात थोडी मदत मिळते. समुद्रसपाटीजवळ साधारण आठ मीटर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने उतरतो आणि एवढा फरक फोनला सहज कळतो. मात्र दोन फोनांच्या दाबाची थेट तुलना करू नका. चढाच्या सुरुवातीपासून दाब किती बदलला एवढेच पाहा, कारण खिडकी उघडली किंवा पंखा वाढवला तरी गाडीतला दाब हलतो.

खरी कसोटी कोंडीत लागते. रुग्णवाहिका स्वतःच अडकलेली असते, तिचा वेग जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे वरचे सेकंदांचे गणित सांगते की ती कधीच पोहोचणार नाही, आणि सूचना कोणालाच जात नाही. वास्तविक अशा वेळी सूचनेची गरज सर्वांत जास्त तिच्यापासून सर्वांत दूर असलेल्यांना, म्हणजे रांगेच्या तोंडाशी सिग्नलजवळ उभे असलेल्यांना असते. ते हलल्याशिवाय मागच्या कोणालाही हलता येत नाही. म्हणून वेग ठरावीक मर्यादेखाली गेला, की पुढच्या चौकापर्यंतच्या संपूर्ण रांगेला एकदम सूचना जावी. जर्मनी आणि ऑस्ट्रिया येथे नियमच असा आहे, की एकाहून अधिक मार्गिका असलेल्या महामार्गावर वाहतूक मंदावताच, सायरन ऐकू येण्याची वाट न पाहता, सगळ्यांत डावीकडच्या मार्गिकेतील गाड्यांनी डावीकडे आणि उरलेल्यांनी उजवीकडे सरकून मधे वाट मोकळी ठेवायची. ऑस्ट्रियाने हे बंधन २०१२ पासून घातले. तुमच्या ॲपने कोंडीत नेमके हेच साधायला हवे.

प्रतिसाद २ : निळा_दिवा

मी रुग्णवाहिका चालवतो, तेव्हा संगणकाच्या बाजूबद्दल न बोलता चाकामागे बसणाऱ्याची बाजू मांडतो.

निघताना बटण दाबायचे आणि पोहोचल्यावर बंद करायचे, ही कल्पना सोडून द्यावी. बोलावणे आल्यापासून पहिल्या मिनिटात चालकाच्या हाताला इतकी कामे असतात, की बटण राहून जाणारच. त्याहून वाईट म्हणजे ते बंद करायचे राहून जाईल आणि रिकामी परतणारी गाडी सर्वांना बाजूला व्हायला सांगत फिरेल. छतावरच्या दिव्यांच्या स्विचला एक लहानसे उपकरण जोडावे, म्हणजे दिवे लागले की प्रक्षेपण सुरू होईल आणि विझले की बंद. सायरनला न जोडता दिव्यांना जोडा असे मी मुद्दाम म्हणतो, कारण रात्री मोकळ्या रस्त्यावर आम्ही अनेकदा फक्त दिवे लावून जातो. ॲम्ब्युलन्स रस्त्याच्या कडेला थांबली आणि दिवे चालूच असले, तर संदेश बदलायला हवा. जवळ येणाऱ्या गाडीसाठी वाट द्यायची असते, थांबलेल्या गाडीपाशी वेग कमी करायचा असतो.

दुसरे असे, की दचकलेला माणूस ब्रेक दाबतो. आमच्या दृष्टीने याहून धोक्याचे काही नाही, कारण आमची गाडी जड असते, मागे रुग्ण आणि त्याच्याजवळ उभा असलेला परिचारक असतो. त्यामुळे फोनमधून मोठ्याने सायरनचा आवाज काढण्याचा मोह आवरावा. मंद सुरावट आणि त्यानंतर एकच वाक्य बोलावे : ‘मागून रुग्णवाहिका येत आहे.’ कोणत्या बाजूला सरकायचे हे ॲपने सांगू नये. ते रस्त्यावर, त्या क्षणी मोकळ्या असलेल्या जागेवर आणि त्या देशाच्या नियमांवर अवलंबून असते, आणि लाल सिग्नल ओलांडून पुढे जा असा अर्थ निघेल असे तर काहीही म्हणू नये. आडव्या रस्त्याने येणाऱ्याला सिग्नल हिरवा असला तरी डावीकडून किंवा उजवीकडून गाडी येत आहे एवढे कळले, तरी पुष्कळ झाले. चौकातले अपघात तिथेच घडतात.

रुग्णवाहिका पुढे गेली की लोक लगेच रस्त्याच्या मध्यभागी परततात, आणि मागून दुसरी गाडी येत असते. आगीच्या वर्दीवर तर एकामागून एक दोन-तीन बंब निघतात. म्हणून ‘गाडी पुढे गेली’ असे सांगण्याआधी मागे आणखी कोणी आहे का ते तपासा, आणि असल्यास ‘आणखी एक येत आहे’ हेच सांगा.

अवांतर : आमच्या मागे लागून मोकळ्या वाटेचा फायदा घेणारे चालक जगात सगळीकडे असतात. गाडी पुढे निघून गेल्यावरही ॲपने तिचा बिंदू नकाशावर दाखवला, तर त्यांची मोठीच सोय होईल. मुळात नकाशावर बिंदू दाखवूच नका.

प्रतिसाद ३ : मागची_सेवा

बॅटरी, खासगीपणा आणि खोटे संदेश या तिन्ही प्रश्नांचे मूळ एकाच निर्णयात आहे. प्रत्येक वाहनचालकाचे लोकेशन सर्व्हरला हवे, असे तुम्ही गृहीत धरले आहे. ते नको आहे. रुग्णवाहिका मोजक्या असतात आणि वाहने लाखो, तेव्हा मोजक्यांचे स्थान लाखोंकडे पाठवावे आणि गणित प्रत्येकाच्या फोनवर करावे.

यासाठी पृथ्वीचा पृष्ठभाग चौकटींत विभागणारी एखादी पद्धत घ्या. जिओहॅश ही अशीच एक पद्धत प्रत्येक चौकटीला अक्षरांचे नाव देते; तिची सहा अक्षरांची चौकट विषुववृत्ताजवळ साधारण १.२ किलोमीटर लांब आणि ०.६ किलोमीटर रुंद असते. उबरने २०१८ साली खुली केलेली एच-३ ही षट्कोनी पद्धतही चांगली आहे, कारण तिच्यात शेजारच्या सर्व चौकटींची केंद्रे जवळपास सारख्याच अंतरावर असतात. प्रत्येक चौकटीसाठी संदेशांचा एक ‘विषय’ (टॉपिक) ठेवायचा. फोनने आपल्या आणि शेजारच्या चौकटींच्या विषयांची वर्गणी लावायची, म्हणजे त्यांवरचे संदेश मागवायचे, रुग्णवाहिकेने आपल्या चौकटीच्या विषयावर संदेश टाकायचा. सर्व्हरला एवढेच कळते, की अमुक चौकटीत कोणीतरी ऐकत आहे. एमक्यूटीटी हा प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणांनी असे संदेश देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत, या कामाला योग्य आहे. तो १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी, म्हणजे कमकुवत आणि महाग जोडणी गृहीत धरूनच, तयार केला गेला होता. स्थानाचे संदेश पोहोचण्याच्या हमीशिवाय पाठवा, कारण हुकलेला संदेश पुन्हा येईपर्यंत शिळा झालेला असतो. ‘प्रक्षेपण संपले’ हा संदेश मात्र हमीसह पाठवा. रुग्णवाहिकेची जोडणी अचानक तुटली तर काय जाहीर करायचे, ते या प्रोटोकॉलमध्ये आधीच नोंदवून ठेवता येते. ती सोय अवश्य वापरा, नाहीतर बोगद्यात शिरलेली रुग्णवाहिका लोकांच्या फोनवर तशीच उभी राहील.

नेहमीच्या पुश नोटिफिकेशनवर मात्र विसंबू नका, कारण ती किती सेकंदांत पोहोचेल याची हमी कोणीच देत नाही.

ॲप पार्श्वभूमीत असताना लोकेशन मिळवणे अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्ही प्रणालींनी जाणूनबुजून अवघड केले आहे. अँड्रॉइड ८ पासून पार्श्वभूमीतील ॲपला तासातून मोजक्या वेळाच स्थान मिळते, आणि अँड्रॉइड १० पासून त्यासाठी वेगळी परवानगीही लागते. आयफोनमध्ये एका ॲपला एका वेळी २० पेक्षा जास्त भौगोलिक प्रदेशांवर लक्ष ठेवता येत नाही. यावर सरळ मार्ग असा, की फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेला किंवा गाडीत बसल्याचे फोनने ओळखले, की अँड्रॉइडवर कायम दिसणाऱ्या नोटिफिकेशनसह सेवा सुरू करावी आणि गाडीतून उतरताच बंद करावी. म्हणजे दिवसातला बराचसा वेळ तुमचे ॲप झोपलेले राहील. परिसरातल्या चौकटींमध्ये एकही रुग्णवाहिका नसेल, तेव्हा अचूक जीपीएसचीही गरज नाही. मोबाइल मनोऱ्यांवरून मिळणारे ढोबळ स्थान चौकट ओळखायला बहुतेकदा पुरते.

खोट्या संदेशांसाठी प्रत्येक रुग्णवाहिकेतील उपकरणाला स्वतंत्र डिजिटल प्रमाणपत्र द्या, जे हरवल्यास एका गाडीपुरते रद्द करता येईल. प्रमाणपत्राशिवाय कोणालाही संदेश टाकता येणार नाही आणि वाहनचालकांच्या फोनला केवळ ऐकण्याचा अधिकार असेल. त्यावर साधी तपासणीही ठेवा. एका सेकंदात अर्धा किलोमीटर सरकणारी गाडी खरी असू शकत नाही. रुग्णवाहिकेच्या बाजूनेही खासगीपणा आहे, तो विसरू नका. दिवसभराचे संदेश साठवून ठेवणाऱ्याला कोणत्या घरासमोर गाडी थांबली ते कळेल. म्हणून संदेशात गाडीचा कायमचा क्रमांक नको, प्रत्येक फेरीला नवा तात्पुरता क्रमांक असावा, आणि गंतव्यस्थान तर कधीच नको. पोलिसांच्या गाड्या पहिल्या टप्प्यात घेऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. त्या कोठे आहेत हे जाणण्यात रस असणारे सगळेच वाट द्यायला उत्सुक असतील असे नाही.

प्रतिसाद ४ : कानोसा

मायक्रोफोनचा प्रश्न मागे पडला, म्हणून त्याबद्दल लिहितो.

नेहमीच्या सायरनची पातळी समोर तीन मीटरवर १२० डेसिबलच्या आसपास असते. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत सहा डेसिबल कमी होतात, म्हणजे ९६ मीटरवर ९० उरतात. काचा बंद असलेल्या गाडीत त्यातले २० ते ३० डेसिबल सहज गळतात, आणि वेगात जाणाऱ्या गाडीतला टायरांचा, वाऱ्याचा आणि गाण्यांचा आवाज उरलेल्याला गिळून टाकतो. थोडक्यात, जेथे चालकाच्या कानाला सायरन ऐकू येत नाही, तेथे त्याच्या खिशातल्या फोनलाही तो ऐकू येण्याची शक्यता बेताचीच. संगणकाला गोंगाटातून सायरन वेगळा काढणे जमते, कारण त्याचा सूर ठरावीक पट्ट्यात लयीने वरखाली होतो. अर्बनसाउंड-८के या ८,७३२ ध्वनितुकड्यांच्या मुक्त संचात सायरनचा स्वतंत्र वर्ग आहे, त्यावर सुरुवातीचे प्रयोग करता येतील. पण एकाच मायक्रोफोनने दिशा कळत नाही. डॉप्लर परिणामाचा, म्हणजे जवळ येणाऱ्या आवाजाचा सूर चढण्याचा, आधार घ्यावा, तर सेकंदाला २० मीटर वेगाने सूर सुमारे सहा टक्केच बदलतो, आणि सायरनचा सूर मुळातच सतत बदलत असतो. शिवाय रेडिओवरच्या जाहिरातीतल्या सायरनने ॲप फसते, आणि मायक्रोफोन कायम उघडा ठेवायला किती लोक परवानगी देतील हेही पाहावे लागेल. वेमोच्या स्वयंचलित गाड्या सायरन ऐकून ओळखतात, परंतु त्यासाठी त्यांच्या बाह्यांगावर अनेक मायक्रोफोन बसवलेले असतात.

प्रतिसाद १ मधील गणित मला पटते, परंतु त्यात प्रत्येकाकडे ॲप असल्याचे धरले आहे. माझी शंका तेथेच आहे. शंभरातल्या दोघांकडे ॲप असेल, तर रांगेच्या तोंडाशी उभे असलेल्यांपैकी एकाकडेही ते नसण्याचीच शक्यता अधिक. स्वीडनमधील केटीएच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१७ साली यावर वेगळा तोडगा शोधला. रुग्णवाहिकेतून एफएम लहरींवर संदेश सोडायचा आणि आसपासच्या गाड्यांचे रेडिओ मधेच थांबवून तो ऐकवायचा, म्हणजे चालकाला काहीच डाउनलोड करावे लागत नाही. अमेरिकेत हास अलर्ट ही कंपनी आपत्कालीन वाहनावरच्या दिव्यांशी जोडलेल्या उपकरणातून माहिती घेते आणि ती वेझसारख्या, लोकांकडे आधीच असलेल्या दिशादर्शक ॲपमध्ये दाखवते. गाड्यांनी एकमेकींशी ५.९ गिगाहर्ट्झवर थेट बोलण्याच्या मानकांतही आपत्कालीन वाहनासाठी खास संदेश ठरलेला आहे, मात्र त्यासाठी गाडीत स्वतंत्र रेडिओ लागतो. तुम्हाला रेडिओच्या लहरी वापरायच्या झाल्या तर परवाना लागेल. त्यापेक्षा तुमचे उपकरण आणि संदेशाचे स्वरूप खुले ठेवा, म्हणजे इतर दिशादर्शक ॲपनाही ते घेता येईल. तुमचे स्वतःचे वाहनचालकांचे ॲप हा त्या संदेशाचा केवळ पहिला वाचक असेल.

धागाकर्ता : शेवटचे_सत्र

सर्वांचे आभार. आता आराखडा बदलत आहोत. दिव्यांना जोडलेले उपकरण, दर सेकंदाला एक संदेश, चौकटींची वर्गणी आणि फोनवरच सेकंदांचे गणित, एवढे पहिल्या आवृत्तीत घेऊ. पोलिसांच्या गाड्या वगळत आहोत. मायक्रोफोनही सध्या बाजूला ठेवतो. एकच शंका उरते : खऱ्या रुग्णवाहिकेशिवाय आणि रस्त्यावर कोणाला धोका न पोहोचवता याची चाचणी कशी घ्यावी?

प्रतिसाद ५ : नकाशेवाचक

दोन टप्प्यांत घ्या. आधी सुमो हे मुक्त वाहतूक-सादृश्यक वापरा. त्यात ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते आणता येतात, हजारो गाड्या सोडता येतात आणि त्यातल्या एका गाडीला आपत्कालीन वाहनाचे गुणधर्मही देता येतात. त्या गाड्यांच्या मार्गांवर मुद्दाम जीपीएसची चूक मिसळा, काही संदेश गाळा, काही तीन सेकंदांनी उशिरा पोहोचवा. मग दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजा : ज्यांना सूचना हवी होती त्यांच्यापैकी किती जणांना ती वेळेत मिळाली, आणि ज्यांना नको होती त्यांच्यापैकी किती जणांना मिळाली. दोन्हींची सरासरी काढून एकच आकडा तयार करू नका, त्यात उड्डाणपुलाखालचे सगळे लपून जातात. ॲपमध्ये ‘कोंडीतील रांग’ हा नियम कधी लागू झाला त्याची नोंदही ठेवा, कारण वेगमर्यादा कोठे ठरवायची हे त्यावरूनच कळेल.

त्यानंतर रस्त्यावर या, पण सूचना कोणालाही ऐकवू नका. उपकरण साध्या गाडीत ठेवा, इतर गाड्यांमधील फोनांनी सूचना केवळ फाइलमध्ये नोंदवावी आणि घरी आल्यावर दोन्ही नोंदी जीपीएस वेळेनुसार शेजारी ठेवून पाहाव्यात. फोन गाडीच्या काचेजवळ, खिशात आणि पिशवीत अशा तिन्ही ठिकाणी ठेवून तीच फेरी मारा. स्थानाच्या अचूकतेत बराच फरक दिसेल.